जर्मनीची मध्ययुगीन चांदीची नाणी: पहिल्या फेनिगपासून जाणत्या संग्रहापर्यंत

बाराव्या शतकातले ब्राक्टेआट नाणे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नाणे आहे हे चटकन पटत नाही. व्यास आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा किंवा त्याहूनही मोठा, आणि वजन मात्र एक ग्रॅमसुद्धा नाही. चांदीचा पत्रा इतका पातळ की चित्र एकाच बाजूने उमटवलेले असते. नाणे उलटे केले की तेच चित्र खोलगट होऊन मागे दिसते. ब्राउनश्वाइगला राहणारा सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश, ज्याला ‘सिंह’ म्हणत, त्याच्या नाण्यावर सिंह असतो, भोवती तटबंदी आणि बुरूज असतात, आणि त्या इवल्या जागेत कारागिराने आयाळीची एकेक बट वेगळी काढलेली असते. एवढी नजाकत असलेली ही वस्तू रोजच्या बाजारातले चलन होती, आणि थोड्याच महिन्यांत ती परत मागवून वितळवायची हे आधीच ठरलेले होते.

या नाण्यांची ओढ लागलेल्या मराठी वाचकासाठी, मग तो पुण्यात बसून लिलाव पाहणारा असो की नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत राहणारा, हा लेख आहे. सगळ्या पायऱ्यांमागे माझे एकच सांगणे आहे: राजांची यादी पुरी करायच्या मागे लागू नका, एक प्रदेश धरा. असे का, ते पहिल्या पायरीतच कळेल.

पायरी १: नाणे कोण पाडत होते, हे आधी समजून घ्या

तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता. सम्राट होता, पण टाकसाळीचा हक्क हळूहळू बिशप, मठ, ड्यूक, सरहद्दीचे सरदार आणि पुढे शहरे यांच्याकडे गेला. शेकडो टाकसाळी चालू होत्या. त्या काळच्या जर्मन कायद्यातली एक म्हणच आहे की हेलर (एक हलके, स्वस्त नाणे) जिथे पाडला तिथेच चालतो. म्हणून या नाण्यांत राजापेक्षा गाव मोठे असते.

सुरुवात फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्यापासून करावी. ७९३-९४ च्या सुमारास त्याने नाण्याचे नवे माप ठरवले. एका पौंड चांदीतून २४० फेनिग, म्हणजे एकेक नाणे साधारण १.७ ग्रॅमचे. बारा फेनिगचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. पण शिलिंग आणि पौंड फक्त हिशेबाच्या वहीत होते. हातात पडायचा तो फेनिग. पुढची जवळजवळ पाचशे वर्षे जर्मन भूमीवर मुख्य नाणे हे एकच.

दहाव्या शतकात हार्ट्स डोंगरातल्या गोस्लारजवळ राम्मेल्सबर्गच्या खाणीतून चांदी निघू लागली आणि त्यातून ऑटो-आडेलहाइड फेनिग नावाने ओळखली जाणारी नाणी प्रचंड संख्येने पडली. त्यांतली बरीचशी व्यापारातून उत्तरेला गेली. स्कँडिनेव्हिया आणि पोलंडमधल्या पुरलेल्या साठ्यांत ती ढिगाने सापडतात. तिथले व्यापारी नाणे मोजून घेत नसत, वजन करून घेत. चांदीचा कस पाहायला नाणे किंचित वाकवत, चाकूच्या टोकाने टोचत. अशा टोचणीच्या खुणा असलेले नाणे हाती आले तर ते खराब म्हणून बाजूला सारू नका. ते कुठवर फिरून आले, याची ती खूण आहे.

बाराव्या शतकात, साधारण ११३० च्या आसपास, सॅक्सनी, थ्युरिंगिया आणि माइसनकडे ब्राक्टेआट सुरू झाले. याच काळात नाणी परत मागवायची पद्धत जोरात होती. टाकसाळीचा मालक जाहीर करी की जुने नाणे बंद, नवे घ्या. सर्वसाधारण दर असा, की बारा जुने द्या आणि नऊ नवे घ्या. आपल्या सराफी भाषेत हा सरळ पंचवीस टक्क्यांचा बट्टा झाला, आणि तो कर म्हणूनच वसूल होई. माग्देबुर्गचा आर्चबिशप विखमान (११५२–११९२) याने तर वर्षातून दोनदा नाणे बदलायची पद्धत ठेवली होती. प्रत्येक फेरीला नवे नाणे जुन्यापासून लगेच वेगळे ओळखू यायला हवे, म्हणून दरवेळी चित्र नवे. एका मालकाचे इतके नाना प्रकार का, याचे हे मूळ आहे. ब्राक्टेआटांचे सगळे वैभव या करातून उगवले आहे, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

व्यापाऱ्यांना अर्थातच हा जाच होता. पुढे शहरांनी एकरकमी पैसे मोजून ‘कायमचा फेनिग’ विकत घेतला, म्हणजे परत न मागवला जाणारा. बर्लिनने तो हक्क १३६९ मध्ये मिळवला. चित्र बदलायची निकड संपली तशी कलाही उतरली. उत्तरेकडचे नंतरचे ‘पोकळ फेनिग’ लहान आणि साधे आहेत.

दक्षिणेत श्वेबिश हाल इथे बाराव्या शतकाच्या अखेरीस हेलर सुरू झाला. एका बाजूला उघडा पंजा, दुसऱ्या बाजूला क्रूस, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. हलका आणि स्वस्त म्हणूनच तो सगळीकडे पसरला. मग मोठ्या नाण्यांची गरज भासली. १३०० मध्ये बोहेमियाचा राजा दुसरा वेन्सेस्लास याने कुट्ना होराच्या चांदीतून प्राग ग्रोशन पाडला. १३३८ च्या सुमारास माइसनच्या शासकांनी फ्रायबर्गला आपला ग्रोशन सुरू केला. तिथे चांदी ११६८ मध्ये सापडली होती. उत्तरेत ल्युबेक, हाम्बुर्ग, विस्मार या व्यापारी शहरांनी १३७९ मध्ये नाण्यांचा करार केला. त्यांचे चार फेनिगचे नाणे म्हणजे विटन. १४८६ मध्ये टिरोलमधल्या हालला जवळपास ३२ ग्रॅमचे भले थोरले गुल्डिनर पडले, आणि संग्राहकांच्या हिशेबी मध्ययुग तिथे संपते.

पायरी २: एक प्रदेश निवडा

निवड करताना खिसा आणि आवड दोन्ही पाहा.

हार्ट्स आणि सॅक्सनी म्हणजे ब्राक्टेआटांचे माहेर. हाल्बरश्टाटच्या नाण्यांवर संत स्टीफन दगडांचा मारा सोसताना दिसतो. माग्देबुर्गला संत मॉरिस, हातात निशाण घेऊन. क्वेडलिनबुर्गच्या नाण्यांवर मठाची अधिपती स्त्री असते, कधी हाती पुस्तक, कधी लिलीचे फूल. ती नुसती धार्मिक प्रमुख नव्हती. जमीन, न्याय आणि टाकसाळ यांची ती मालकीण होती, आणि नाणे तिच्या नावाने पडत होते. बाराव्या शतकातल्या सत्ताधारी स्त्रियांची चित्रे त्यांच्या हयातीतच घडलेल्या वस्तूंवर पाहायची असतील तर याहून चांगली जागा नाही. मात्र हा भाग महाग आहे, आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाटही इथेच जास्त. नवख्याने इथून सुरुवात करू नये.

बोडेनसे तलावाभोवतीचा पट्टा, म्हणजे कोन्स्टान्त्स, लिंडाऊ, सांक्ट गालन वगैरे, मला नवशिक्यासाठी उत्तम वाटतो. इथलेही ब्राक्टेआटच, पण लहान, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे, अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे आणि कडेला उंच मण्यांची माळ असलेले. लिंडाऊवर लिंडेनच्या झाडाची फांदी, सांक्ट गालनवर कोकरू, कोन्स्टान्त्सवर बिशप. चित्रावरून गाव ओळखता येते, किंमत आवाक्यात असते आणि प्रकारही भरपूर. स्टुटगार्टला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हा प्रदेश दाराशीच आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी शहरे आहेतच. तिथल्या जुन्या राजवाड्यातल्या वुर्टेम्बर्ग राज्य संग्रहालयात नाण्यांचा मोठा विभाग आहे. एखादा रविवार तिथे काढावा.

ज्याला शहरांचा आणि व्यापाराचा इतिहास आवडतो त्याने विटन घ्यावेत. ल्युबेकचा दुतोंडी गरुड, हाम्बुर्गचा किल्ला, ल्युनेबुर्गचा सिंह. ही नाणी दोन्ही बाजूंनी छापलेली, जाडसर आणि हाताळायला सोपी आहेत. बारीक फरक शोधण्यात ज्याचे मन रमते त्याच्यासाठी माइसनचे ग्रोशन. त्यांतली अक्षरे आणि खुणा पाहून टाकसाळ आणि काळ ठरवण्यात वर्षे जातात. प्राग ग्रोशनची एक पोटशाखा फार गोड आहे. पंधराव्या शतकात दक्षिण जर्मन शहरांनी हे परके नाणे आपल्याकडे चालावे म्हणून त्यावर आपापली छोटी मुद्रा ठोकली. एकाच नाण्यावर दोन-दोन शहरांच्या मुद्रा सापडतात.

ऱ्हाइनकाठचे कोलोन वेगळे. तिथला फेनिग व्यापारात इतका पत राखून होता की त्याचे वजन बाराव्या शतकात फारसे ढळले नाही. कोलोनच्या मार्कमधून, म्हणजे साधारण २३४ ग्रॅम चांदीतून, १६० फेनिग. ब्राक्टेआटचा मोह तिथे कधी शिरला नाही.

पायरी ३: पैसे काढण्याआधी डोळे तयार करा

बर्लिनच्या बोडे संग्रहालयातला नाणेविभाग जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी आहे, आणि त्याची ऑनलाइन सूची मोफत पाहता येते. प्रत्येक नाण्याचे छायाचित्र, वजन, व्यास, टाकसाळ, आणि माहीत असेल तिथे सापडल्याची जागा. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातला आणि म्युनिकच्या रेसिडेन्समधला संग्रहही असाच थोर. या सूचीतून आपल्या प्रदेशाची एकाच प्रकारची जितकी नाणी मिळतील तितकी शेजारीशेजारी ठेवून पाहा. वजन किती खालीवर होते? चित्र मध्यावर बसते की सरकते? अक्षरे उलटी आहेत का? हा सराव झाला की बाजारातले नाणे पाहताक्षणी काहीतरी ‘बसत नाही’ हे डोळ्यांना जाणवू लागते. त्याला पर्याय नाही.

सामान थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा, मिलिमीटरची मोजपट्टी आणि बाजूने पाडता येईल असा दिवा. वरून पडणारा उजेड नाण्याचा उठाव गिळून टाकतो. दिवा टेबलाच्या पातळीला आणला की पुसट अक्षरेही उभी राहतात.

पायरी ४: नाणे हातात घेऊन वाचा

ऑटो-आडेलहाइड फेनिग घेऊन बसू, कारण तो सहज मिळतो आणि वाचायला शिकवतो.

नाणे कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. एका बाजूला क्रूस आहे. क्रूसाच्या चार कोनांत चार अक्षरे, ओ-डी-डी-ओ. हा ऑटो. वर्तुळाच्या कडेने ‘देवाच्या कृपेने राजा’ अशा अर्थाचे संक्षिप्त लॅटिन शब्द, शेवटी ‘रेक्स’. आता दुसरी बाजू. खांबांवर उभे छप्पर आणि क्रूस असलेली छोटी इमारत, जिला संग्राहक लाकडी चर्च म्हणतात. तिच्याभोवती आडेलहाइडचे नाव, पण वेडेवाकडे. ठसा कोरणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे, तो अक्षरांचे आकार गिरवत असे. त्यामुळे काही नाण्यांवर अक्षरे उलटी, काहींवर जागा बदललेली, काहींवर नुसत्या उभ्या रेघा.

हा ऑटो म्हणजे तिसरा ऑटो. तो ९८३ मध्ये तीन वर्षांचा असताना राजा झाला आणि ९९६ मध्ये सम्राट. आडेलहाइड ही त्याची आजी, पहिल्या ऑटोची राणी. ९९१ ते ९९४ या काळात नातवाच्या वतीने कारभार तिने पाहिला. तो सम्राट झाला, ९९९ मध्ये आजी गेली, १००२ मध्ये तोही गेला, तरी ‘राजा’ म्हणणारे हे नाणे पुढे कित्येक दशके तसेच पडत राहिले. ओळखीचे चित्र बाजारात पटकन स्वीकारले जाते, म्हणून टाकसाळीने ते बदलले नाही. याचा व्यवहारातला धडा असा, की नाण्यावरचे नाव पाहून साल ठरवू नका. मध्ययुगीन फेनिगवर साल नसतेच. वजन, अक्षरांची वळणे आणि ते कोणत्या साठ्यात सापडले, यांवरून काळ ठरतो.

ब्राक्टेआट वाचताना क्रम बदला. आधी मधली आकृती: बसलेली की उभी? डोक्यावर मुकुट, बिशपची टोपी की काहीच नाही? मग हातातल्या वस्तू. तलवार आणि ढाल म्हणजे सरदार, वाकड्या मुठीची काठी म्हणजे बिशप किंवा मठाधिपती, निशाण म्हणजे ड्यूक किंवा मार्कग्राफ (सरहद्दीचा सरदार) असण्याचा संभव. लिखाण असेल तर शेवटी पाहा, कारण बहुतेक ब्राक्टेआट मुके असतात. मुक्या नाण्याची ओळख साठ्यांवरून लागते. फ्रेकलेबेन (१८६०) किंवा झेगा इथल्या मोठ्या साठ्यांमुळेच शेकडो अनोळखी तुकड्यांना गाव आणि मालक मिळाले.

पायरी ५: लिलावाच्या यादीतली भाषा शिका

जर्मन व्यापारी नाण्याचा दर्जा ठराविक शब्दांत सांगतात. ‘श्योन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले. ‘झेअर श्योन’ म्हणजे चित्र स्पष्ट, झीज माफक. ‘फोअरत्सुग्लिश’ म्हणजे जवळजवळ न वापरलेले. मध्ययुगीन नाण्यांत मधला दर्जाही समाधानकारक मानावा.

दर्जापेक्षा त्यापुढचे बारीक अक्षरांतले शब्द महत्त्वाचे. ‘प्रेगश्वेखं’ म्हणजे छाप कमी उमटलेला. हा टाकसाळीतला दोष, नंतरची झीज नव्हे, आणि फेनिगमध्ये तो नेहमीचाच. ‘रांडआउसब्रुख’ म्हणजे कड तुटलेली. ब्राक्टेआटला हे सर्रास असते, आकृती शाबूत असेल तर चालवून घ्यावे. ‘गेलोख्ट’ म्हणजे भोक पाडलेले, ‘हेंकेलश्पुअर’ म्हणजे कधीकाळी दागिना करताना लावलेल्या कडीची खूण. या दोन्हींनी किंमत बरीच उतरते. आणि भोक बुजवून दुरुस्त केलेले नाणे निदान पहिली काही वर्षे घेऊच नका.

नावांशेजारी ‘डॅनेनबर्ग’ किंवा ‘बर्गर’ आणि पुढे क्रमांक दिसतो. पहिला सॅक्सन आणि फ्रँकिश सम्राटांच्या काळातल्या नाण्यांचा जुना प्रमाणग्रंथ, दुसरा हानोफरच्या केस्टनर संग्रहालयातल्या ब्राक्टेआटांची सूची. क्रमांक दिला आहे म्हणजे नाणे खरे, असे मात्र नाही. क्रमांक काढून मूळ चित्राशी ताडून पाहणे हे तुमचे काम.

पायरी ६: खरेदी

पहिले नाणे हेलर असू द्या. दहा-वीस युरोंच्या घरात चांगला हेलर मिळतो, आणि आठशे वर्षांपूर्वीची चांदी हातात आल्यावर मन जे लागते ते लागते. ऑटो-आडेलहाइडला त्याच्या काही पट मोजावे लागतात. साधे बोडेनसे ब्राक्टेआट आणि विटनही त्याच पातळीवर. हार्ट्समधले मोठे, उत्तम स्थितीतले ब्राक्टेआट हजारो युरोंना जातात, आणि ते लिलावातच दिसतात.

खरेदी खऱ्या नाण्याची लेखी आणि मुदतीची अट नसलेली हमी देणाऱ्या, पावतीवर नाण्याचे पूर्ण वर्णन लिहिणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच करा. लिलावात बोलीच्या वर लिलावगृहाचे शुल्क चढते, साधारण वीस ते पंचवीस टक्के. त्यावर टपाल, विमा आणि लागू असेल तो कर. म्हणून बोलीची कमाल रक्कम ठरवताना उलट दिशेने हिशेब करा: घरात पोहोचेपर्यंत मला किती परवडेल, तिथून शुल्क वजा करत खाली या. बोली चालू असताना आकडा वाढवू नका. या नाण्यांत आज हुकलेला प्रकार बहुधा पुन्हा बाजारात येतो.

जर्मनीत असाल तर नाण्यांच्या प्रदर्शन-विक्री मेळाव्यांना जा. तिथे नाणे हातात घेऊन पाहता येते, भाव करता येतो, आणि म्हातारे व्यापारी खरा रस दाखवणाऱ्याला शिकवायला तयार असतात. ‘मी अमक्या गावाची नाणी गोळा करतो’ असे सांगता आले की संभाषणाचा नूरच पालटतो. एक प्रदेश धरायचा हाही एक लाभ.

पायरी ७: खोटे ओळखा

ब्राक्टेआटची खोटी नाणी आजकालची नाहीत. अठराव्या शतकात हानोफरचा, तांब्याच्या पत्र्यावर छपाईची चित्रे कोरणारा निकोलाउस झेलेंडर, जो तत्त्वज्ञ लाइबनित्सच्या हाताखाली काम करून गेला, त्याने ब्राक्टेआटचे नवे ठसे कोरून संग्राहकांना फसवले. त्यानंतर कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांचे इतके सफाईदार ठसे केले की त्याची नाणी मोठमोठ्या संग्रहांत शिरली. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत, आणि त्यामुळेच त्याचे काम ओळखता येते.

तपासणी अशी करा. खरे ब्राक्टेआट एकाच ठशाने, खाली चामडे किंवा शिसे यांसारखे मऊ काही ठेवून ठोकलेले असते. म्हणून पुढची बाजू धारदार आणि मागची मऊ, गोलसर. दोन्ही बाजू सारख्याच टोकदार असतील तर ते वर-खाली दोन साचे लावून दाबलेले आधुनिक काम असण्याची दाट शक्यता. पृष्ठभागावर भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव नक्कल. कडेवर फिरती शिवण दिसली तर तेच. वजन संग्रहालयातल्या जोडीदारांपेक्षा फार वेगळे असेल तर थांबा. तंतोतंत एकसारखे दोन नग, तीच भेग, तेच सरकलेले केंद्र, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे दिसले तर दोन्ही सोडा. हातोड्याने पाडलेली दोन नाणी अशी जुळी नसतात.

संग्रहालयांच्या दुकानांत स्मरणवस्तू म्हणून प्रतिकृती मिळतात. त्या प्रामाणिकपणे विकल्या जातात, पण पुढे हात बदलताना खुलासा गळून पडतो. संशय आला तर नाणे न घेणे हाच स्वस्त उपाय.

पायरी ८: कायदा दोन्ही देशांचा

जर्मनीत जमिनीत सापडलेली नाणी शोधणाऱ्याच्या खिशात जात नाहीत. राज्यांच्या वारसा कायद्यांनुसार त्यांवर सरकारचा हक्क असतो. धातुशोधक यंत्र घेऊन परवानगीशिवाय शेतात फिरणे गुन्हा ठरू शकते. कुणी ‘माझ्या शेतात सापडले’ म्हणून थेट नाणे विकू लागला तर तिथूनच परत फिरा. २०१६ पासून जर्मनीत सांस्कृतिक वस्तूंच्या संरक्षणाचा नवा कायदा लागू आहे. युरोपबाहेर नाणे पाठवायचे तर परवान्याची गरज आहे का, हे व्यापाऱ्याकडून लेखी घ्या. चांगले व्यापारी हे काम स्वतः करून देतात.

भारतात आणताना कस्टमचा दर आणि कागदपत्रे मागवण्याआधीच विचारून ठेवा, पार्सल अडकल्यावर नव्हे. आणि एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरातन वस्तू आहे, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकदा इथे आणलेले नाणे पुढे जर्मन लिलावात विकायचा बेत असेल तर तो आजच सोडा. परदेशात राहत असाल आणि पुढे कुठे स्थायिक व्हायचे हे ठरले नसेल, तर संग्रह तिथेच ठेवणे शहाणपणाचे.

पायरी ९: जपणूक

घासू नका, पुसू नका, चमकवू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, दात घासायची पावडर, सराफाकडचे चांदी धुवायचे पाणी, यांतले काहीही या नाण्यांना लावायचे नाही. शेकडो वर्षांत चांदीवर आलेली करडी-काळसर छटा नाण्याचे रक्षण करते आणि तिची किंमतही मिळते. शिवाय जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. दुमडलेले ब्राक्टेआट बोटांनी सरळ करू गेलात तर हातात दोन तुकडे येतील. ते काम संवर्धकाचे.

मऊ, तेलकट वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यातून सुटणारी रसायने चांदीला चिकटतात. पुठ्ठ्याच्या चौकटीत पिनांनी दाबायची पद्धत ब्राक्टेआटसाठी घातक, कारण दाब थेट उठावावर येतो. खोलगट कडक कॅप्सूल किंवा कप्प्यांची थाळी वापरा, तळाशी आम्ल नसलेला कागद. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती ओली झाली की बदला.

पायरी १०: नोंद आणि नाण्याचा माग

प्रत्येक नाण्याची नोंद घरी आल्या दिवशीच करा: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, सूचीतला क्रमांक, कुणाकडून, कधी, किती पैशांना, आणि एक छायाचित्र. पावती नाण्याइतकीच जपा.

नाण्यासोबत जुन्या संग्राहकाची हस्ताक्षरातली चिठ्ठी आली तर ती फेकू नका. ब्राक्टेआटच्या बाबतीत तर मागचा मागोवा काढणे शक्य असते, कारण प्रत्येकाच्या भेगा, कडेचा आकार आणि तुटका भाग वेगळा असतो. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या लिलावांच्या शेकडो सूची ऑनलाइन ठेवल्या आहेत. ब्राउनश्वाइगचे बँकर आर्तुर ल्योबेके यांचा ब्राक्टेआटसंग्रह १९२५ मध्ये विकला गेला, बोनहोफ यांचा मध्ययुगीन संग्रह १९७७ मध्ये, आणि त्यांतली नाणी अजून हात बदलत आहेत. अशा सूचीतली चित्रांची पाने उघडा, तुमच्या प्रदेशाचे पान काढा आणि कडेची रेघ ताडून पाहा. जुळले तर त्या विक्रीचे साल आणि क्रमांक आपल्या नोंदीत उतरवा. ते नाणे बेकायदा उकरून काढलेले नाही याचा तो सर्वांत भक्कम पुरावा असतो, आणि विकायची वेळ आली तर किंमतही त्यावरच ठरते.